सोलापूरच्या पोटातले वाण

सांगोल्याचे एक डाळिंब दोन सख्ख्या भावांनी अर्धे-अर्धे खाल्ले, तरी ते दोघांच्या अंगी सारखे लागेलच असे नाही. डाळिंबात एलाजिटॅनिन नावाची द्रव्ये भरपूर असतात आणि आपले आतडे ती जशीच्या तशी फारशी शोषून घेऊ शकत नाही. ती मोठ्या आतड्यापर्यंत जातात. तिथले जीवाणू त्यांची मोडतोड करतात आणि त्यातून युरोलिथिन नावाची लहान संयुगे तयार होतात. रक्तात उतरतात ती ही. काहींच्या पोटात युरोलिथिन-ए तयार होते, काहींच्या पोटात त्याचे दुसरेच प्रकार, आणि काहींच्या पोटात यातले काहीच होत नाही. फळ एकच, भाऊ एका आईचे, फरक फक्त आतड्यात कोण वस्तीला आहे याचा.

हे कळले कसे, ते पाहण्यासारखे आहे. स्पेनमधल्या मुर्सियाच्या संशोधकांनी निरोगी माणसाच्या विष्ठेतून एक जीवाणू वेगळा काढला, त्याला प्रयोगशाळेत वाढवले, त्याच्यापुढे डाळिंबातल्या एलाजिटॅनिनपासून मिळणारे एलाजिक आम्ल ठेवले आणि तो त्याचे काय करतो ते मोजले. २०१४ मध्ये त्याला गॉर्डोनिबॅक्टर युरोलिथिनफेशियन्स असे नाव मिळाले. हा जीवाणू युरोलिथिनच्या पहिल्या काही पायऱ्याच चढतो, पुढचे काम दुसरे जीवाणू करतात. ही कामाची वाटणी समजली, कारण ते जीवाणू हातात होते, जिवंत होते.

आपल्याकडे डाळिंब आहे. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. बागेतल्या तेल्या रोगाच्या जीवाणूवर आपण पैसा आणि बुद्धी दोन्ही खर्च करतो आणि ते योग्यच आहे. पण फळ खाणाऱ्या माणसाच्या आतड्यात त्या फळाचे पुढे काय होते, हे सांगणारा जीवाणू आपण मुर्सियाच्या माणसाकडून उसना घेतो. माझे म्हणणे असे, की सोलापूर जिल्ह्यातल्या माणसांच्या पोटातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवले पाहिजेत, जिवंत साठवले पाहिजेत, आणि हे काम शक्य तितके सोलापुरातच झाले पाहिजे. त्यांची नुसती जनुकीय यादी करून हे भागणार नाही.

यादी करणे आता सोपे झाले आहे, म्हणून यादीवर थांबण्याचा मोह मोठा आहे. विष्ठेतला सगळा डीएनए एकदम वाचायचा, संगणकाने त्याचे तुकडे जुळवायचे आणि कोणकोण आहे ते सांगायचे. २०२० मध्ये जगभरातल्या अशा कामाची एकत्र मांडणी झाली. दोन लाखांहून अधिक जनुकसंच गोळा झाले आणि त्यांतून मानवी आतड्यातल्या ४,६४४ जाती मोजल्या गेल्या. त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक जाती कोणीही कधी प्रयोगशाळेत वाढवलेल्या नव्हत्या. म्हणजे त्यांचे नाव-गाव कागदावर आहे, पण त्या काय खातात, काय सोडतात, कोणाला मारतात, कोणावर जगतात, याचे आपण फक्त अंदाज बांधतो. एखादे जनुक ओळखीचे दिसले तर त्याचे काम सांगता येते. पण जीवाणूंच्या जनुकांतली पुष्कळशी जनुके अशी आहेत, की त्यांचे काम अजून कोणालाच ठाऊक नाही.

नुसत्या नावाने केवढा घोटाळा होतो, याचे उदाहरण आपल्या ताटाच्या अगदी जवळचे आहे. प्रिव्होटेला कोप्री हा जीवाणू. पालेभाज्या, कडधान्ये, भरड धान्ये खाणाऱ्यांच्या पोटात तो मुबलक सापडतो. पुण्यातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीय नमुन्यांची इतर देशांतल्या नमुन्यांशी तुलना केली, तेव्हा भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे दोन गट ठळकपणे जास्त दिसले. २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळ इथल्या लोकांचा अभ्यास झाला, त्यातही भोपाळकडच्या, प्रामुख्याने शाकाहारी लोकांत प्रिव्होटेलाचेच राज्य होते. आता याच जीवाणूबद्दल बाहेर काय छापून आले ते पाहा. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात नव्याने संधिवात जडलेल्या रुग्णांत तो जास्त आढळला. २०१५ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासात सातूची भाकरी खाऊन ज्यांची रक्तातली साखर सुधारली, त्यांच्यात तो वाढलेला होता. २०१६ मध्ये डेन्मार्कमध्ये त्याचा संबंध इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीराशी जोडला गेला. एकच नाव, कधी रोगाच्या बाजूला, कधी आरोग्याच्या.

मग २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. प्रिव्होटेला कोप्री ही मुळात एक जात नाहीच, तिच्यात निदान चार वेगवेगळ्या शाखा आहेत. पाश्चात्त्य राहणीच्या समाजांत ती कमी लोकांत सापडते. जिथे राहणी तशी नाही, तिथे एकाच माणसाच्या पोटात या शाखा एकत्र नांदताना दिसतात. या जातीचा जो नमुना जगभर प्रमाण म्हणून वापरला जातो, तो जपानी माणसाच्या विष्ठेतून वेगळा केलेला, २००७ मध्ये नाव दिलेला. जपानी माणसाच्या पोटातल्या एका वाणाचे गुण मंगळवेढ्याच्या माणसावर लादायचे कसे? ज्वारी खाणाऱ्याला प्रिव्होटेला चांगला की वाईट, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. कोणता वाण, हे आधी विचारले पाहिजे. आणि वाण हातात असल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

हे सोलापूर जिल्ह्याला वेगळे शिकवायला नको. मोहोळच्या संशोधन केंद्रात गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून ३५-१ हा वाण निवडला गेला. रब्बी ज्वारीत त्याचे नाव आजही घेतले जाते. ती निवड यादी वाचून झालेली नव्हती. वेगवेगळी कणसे वेगवेगळी पेरली, पावसाने ओढ दिलेल्या काळ्या मातीत कोण तग धरते ते पाहिले, दाणा पाहिला, कडबा पाहिला, आणि मग ठरवले. ज्वारी म्हणून सगळी ज्वारी एक धरली असती, तर ३५-१ हाती लागला नसता. पोटातल्या जीवाणूंबाबत आज आपण नेमके तेच करतो आहोत.

आता वाढवायचे म्हणजे काय, ते जरा विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण अडचण आणि उत्तर दोन्ही तिथेच आहे.

थिओडोर एशरिकने १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून जो जीवाणू वाढवला, तो आज ई. कोलाय म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. तो हवेतही वाढतो, हवा नसतानाही वाढतो, साध्या माध्यमावर एका रात्रीत त्याच्या वसाहती दिसू लागतात. म्हणून कित्येक वर्षे तोच आतड्याचा मुख्य रहिवासी समजला गेला. प्रत्यक्षात निरोगी प्रौढाच्या आतड्यात त्याचा वाटा जेमतेम एखादा टक्का. बाकीची प्रचंड वस्ती ऑक्सिजन न सोसणाऱ्यांची आहे. त्यांतले काही हवेच्या झुळुकीत मिनिटांत मरतात. जे सहज वाढते तेच डोळ्यांत भरते, ही चूक तिथे सुरू झाली आणि औषधाच्या दुकानात ती आजही चालू आहे. प्रोबायोटिक म्हणून विकले जाते त्यात बहुतेक लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम किंवा बॅसिलसचे बीजाणू असतात. त्यांतल्या काहींचा काही आजारांत उपयोग आहे. पण ते बाजारात आहेत याचे एक मोठे कारण ते वाढवायला आणि टिकवायला सोपे आहेत, हे आहे. आतड्याचा भार वाहणारे जीवाणू त्या पाकिटांत फारसे नसतात, कारण त्यांना पाकिटापर्यंत जिवंत आणणेच अवघड.

या अवघड जीवांना वाढवण्याची पहिली खात्रीची रीत गाईगुरांमुळे मिळाली. अमेरिकेत रॉबर्ट हंगेट गाईच्या पहिल्या पोटातल्या जीवाणूंचा अभ्यास करत होते. गेल्या शतकाच्या मध्याला त्यांनी अशी पद्धत बसवली, की नळीतली हवा ऑक्सिजनविरहित वायूने हाकलायची, वितळलेले आगर माध्यम आत घालायचे, नळी आडवी फिरवून त्याचा पातळ थर आतल्या भिंतीवर गोठवायचा आणि तोंड घट्ट बंद करायचे. ऑक्सिजन राहिला का हे कळावे म्हणून माध्यमात रेझाझुरिन हा रंग टाकतात. तो गुलाबी दिसला की ऑक्सिजन शिल्लक आहे, रंग उडाला की काम सुरू करायचे. पुढे हातमोजे बसवलेली बंद पारदर्शक पेटी आली. तिच्यात नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन भरलेला असतो आणि उरलासुरला ऑक्सिजन पॅलेडियमच्या साह्याने पाण्यात बदलून टाकला जातो. संशोधक बाहेर बसतो, हात फक्त आत.

हवेचा प्रश्न सुटला तरी जेवणाचा उरतोच. कोणाला रक्तातले हेमिन लागते, कोणाला के जीवनसत्त्व. अक्करमान्सिया हा जीवाणू नेदरलँड्समध्ये २००४ मध्ये हाती आला, तो माध्यमात आतड्याच्या अस्तरावरचा चिकट द्रव, म्हणजे म्युसिन, हेच एकमेव अन्न ठेवल्यावर. काहींना तर शेजारीच लागतो. केएलई-१७३८ या खुणेने ओळखला जाणारा एक जीवाणू एकटा कधीच वाढत नव्हता. तो फक्त बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसच्या वसाहतीशेजारी उगवत होता. कारण शोधले तेव्हा कळले, की हा शेजारी गाबा नावाचे रसायन बाहेर सोडतो, आणि हा त्यावर जगतो. गाबा हे आपल्या मेंदूतही संदेश पोहोचवणारे रसायन आहे. अशी गोष्ट जनुकांची यादी वाचून कोणाच्या लक्षात आली असती, असे मला वाटत नाही. दोन वसाहती एका ताटलीत शेजारी उगवल्या, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहिले म्हणून ती कळली.

आतड्यातले बहुतेक जीवाणू वाढतच नाहीत, असा समज बराच काळ होता. तो खोडून काढला तो चिकाटीने. फ्रान्समधल्या मार्सेयच्या गटाने २०१२ मध्ये २१२ वेगवेगळ्या परिस्थितींत नमुने ठेवले, बत्तीस हजारांवर वसाहती तपासल्या आणि ३४० जाती ओळखल्या. त्यांतल्या ३१ जगाला नव्या होत्या. २०१६ मध्ये इंग्लंडच्या सँगर संस्थेने तर एकाच चांगल्या माध्यमावर सहा माणसांच्या विष्ठेतून १३७ जाती वाढवल्या. त्यांनी काही नमुने आधी अल्कोहोलमध्ये बुडवले. साधे जीवाणू मेले, बीजाणू करणारे उरले, आणि आतड्यातले किती जीवाणू बीजाणूरूपाने हवेत तग धरून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात ते दिसले. या युक्तीत महागडे यंत्र नाही. अल्कोहोल आहे, आगर आहे आणि धीर आहे.

हे कौशल्य आपल्या राज्यात आहे, यावर मला भर द्यायचा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मिथेन तयार करणाऱ्या, ऑक्सिजनला भिणाऱ्या सूक्ष्मजीवांवर दिलीप रानडे यांनी वर्षानुवर्षे काम केले. पुण्यातल्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये मायक्रोबियल कल्चर कलेक्शन उभे राहिले. २०११ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय ठेव प्राधिकरणाचा दर्जा मिळाला, म्हणजे पेटंटसाठी जगातला कोणीही जीवाणू तिथे ठेवू शकतो. आज त्याचे नाव नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स. विक्रम लांजेकर, नचिकेत मराठे, शौचे, रानडे आदींनी २०१४ मध्ये दोन निरोगी स्वयंसेवकांच्या, एक २६ वर्षांचा आणि एक ५६ वर्षांचा, विष्ठेतून मेगास्फेराची नवी जात वाढवून जगापुढे ठेवली. नाव दिले मेगास्फेरा इंडिका. भारतीय पोटांत ठळकपणे दिसणाऱ्या दोन गटांपैकी एकाचा हा आपल्याच मातीतला जिवंत नमुना.

आणखी एक सांगतो. जुलाब लागले की डॉक्टर लहान मुलांना प्लास्टिकच्या छोट्या कुपीतले द्रव औषध देतात. त्यात बॅसिलस क्लॉसायचे बीजाणू असतात. २०२१ मध्ये पुण्याच्या याच केंद्रातल्या संशोधकांनी लोणार सरोवरातल्या एका नव्या जीवाणूचा अभ्यास करताना त्याच्या नात्यागोत्याची नव्याने मांडणी केली. त्या मांडणीत बॅसिलस क्लॉसायचा वंश बदलला आणि नव्या वंशाला शौचे यांच्या सन्मानार्थ शौचेला असे नाव दिले गेले. आपल्या घराघरांत आलेल्या त्या कुपीत एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? लोणारचा गाळ इथल्याच संशोधकांनी इथेच तपासला म्हणून हे घडले.

मग सोलापूरच का? एक कारण ज्वारी. मंगळवेढा ज्वारीचे कोठार, तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन. ज्वारीचा स्टार्च सावकाश पचतो, तिची प्रथिने शिजल्यावर पचायला जड होतात, आणि तिच्यातल्या तंतूंबरोबर बराचसा ऐवज मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या वाट्याला येतो. पिढ्यान्‌पिढ्या दोन वेळा भाकरी, शेंगाचटणी आणि डाळ खाणाऱ्या माणसांच्या पोटात कोणते वाण टिकले, हे पाहायला जिल्ह्यातली जुनी घरे अजून आहेत. त्याच घरांतली नवी पिढी गव्हाकडे, मैद्याकडे, पाकिटातल्या खाण्याकडे चालली आहे. आणि जिथे तिथे मिळणारी प्रतिजैविके या वस्तीवर नांगर फिरवत आहेत.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. सोलापूर शहर तीन भाषांचे आहे. पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली विणकरांच्या घरात भाताला आणि चिंचेच्या आंबटाला जे स्थान आहे, ते पश्चिमेकडच्या मराठी आणि कन्नड घरांतल्या ताटात नाही. हवा तीच, ऊन तेच, उजनीचे पाणी तेच, दवाखाने तेच, आणि ताट वेगळे. खाण्याचा परिणाम इतर गोष्टींपासून वेगळा काढायला संशोधक जी परिस्थिती शोधत देशोदेशी फिरतात, ती इथे बसच्या एका फेरीवर आहे.

आक्षेप येतील. पहिला आक्षेप पैशाचा आणि प्राधान्याचा असेल. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर लागतात, अंगणवाडीत कमी वजनाची मुले दिसतात, तिथे विष्ठेतले जीवाणू वाढवत बसायचे? मी हा आक्षेप मनापासून गंभीरपणे घेतो, आणि त्याचे उत्तर ढाक्यात आहे. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या दीड वर्षाच्या आतल्या, मध्यम कुपोषित अशा सुमारे सव्वाशे बालकांवर एक प्रयोग झाला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना नेहमीचा तयार पूरक आहार दिला, निम्म्यांना हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाण्याचा लगदा आणि कच्च्या केळ्याचा लगदा यांचे मिश्रण. दुसऱ्या आहारात उष्मांक कमी होते, तरी त्याच मुलांचे वजन अधिक चांगले वाढले. हे घटक कोणी अंदाजाने निवडलेले नव्हते. वाढीच्या वयात आतड्यातली वस्ती कशी तयार होते हे पाहून, कोणत्या अन्नाने कोणते जीवाणू सुधारतात ते प्राण्यांत तपासून, मग निवडलेले होते. पुढे त्या सुधारणेमागे प्रिव्होटेला कोप्रीचे काही वाण आहेत असे दिसले, तेव्हा बांगलादेशी बालकांच्या विष्ठेतून वाढवलेले वाण जंतुविरहित उंदरांत सोडून ते पडताळले. ते वाण कोणी वाढवले नसते, तर शेंगदाणा-केळे का लागू पडले हे कायमचे गूढ राहिले असते.

त्या आहारात हरभरा आणि शेंगदाणा आहेत, हे वाचून सोलापूरकराला आनंद होईल. पण थांबायला हवे. आपल्या मुलांच्या पोटात तेच वाण आहेत, असे गृहीत धरून आहार आखणे ही पुन्हा तीच चूक. मला ज्वारीचा किंवा शेंगाचटणीचा जयजयकार करायचा नाही. भाकरी खाणाऱ्याचे पोट अधिक निरोगी असते असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार आपल्याला वाण वाढवून तपासल्यावरच मिळेल, इतकेच म्हणतो. तोवर यावर बोलणारे सगळे, दुकानातल्या मिलेटच्या पाकिटांपासून घरबसल्या पोटाच्या चाचण्या विकणाऱ्यांपर्यंत, अंदाजच विकत आहेत.

दुसरा आक्षेप असा, की नमुने पुण्याला पाठवा, तिथे सोय आहेच. सुरुवातीला तसेच करावे लागेल. हुतात्मा एक्सप्रेसला सोलापुराहून पुण्याला पोहोचायला चार तासांच्या आसपास लागतात. पण ऑक्सिजन न सोसणाऱ्या जीवाला चार तास फार मोठे आहेत, आणि मे महिन्यात सोलापूरचे तापमान त्रेचाळीसच्या पुढे जाते. सर्वांत नाजूक वाण वाटेतच मरतील. उरतील ते ई. कोलायसारखे दणकट, आणि मग तोच जुना भ्रम पुन्हा उभा राहील. म्हणून पहिली पायरी, म्हणजे हवाबंद पेटी, माध्यमे, वसाहत उचलून ग्लिसरॉलमध्ये उणे ऐंशी अंशांवर गोठवणे, ही सोलापुरातच हवी. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात विद्यार्थी आहेत. दोघांनी मिळून एक खोली उभारावी. विजेचा भरवसा हवा, आणि पाच वर्षे न बदलता बसणारे दोन-तीन लोक हवेत. सगळ्यात अवघड गोष्ट ही शेवटचीच आहे. हे काम संथ आहे, त्यात दर महिन्याला दाखवायला निकाल नसतो, आणि आपल्या संस्थांत अशा माणसाला कोणी टिकू देत नाही.

तिसरा प्रश्न मालकीचा आहे, आणि त्याला मी आक्षेप मानत नाही, अटच मानतो. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झालेल्या एका औषधात माणसाच्या आतड्यातून घेतलेले आठ वाण वेगवेगळे वाढवून एकत्र केलेले आहेत, आणि सी. डिफिसिल या जीवाणूमुळे होणाऱ्या चिवट जुलाबाचा पुन्हा होणारा हल्ला त्याने कमी झाला. त्याआधी थेट दुसऱ्याची विष्ठा देऊन उपचार होत होते. २०१९ मध्ये अमेरिकेत अशाच एका उपचारातून औषधांना न जुमानणारे ई. कोलाय रुग्णाच्या अंगात गेले आणि तो दगावला. म्हणजे पुढचा रस्ता नेमके ओळखलेले, वाढवलेले वाण देण्याचाच आहे, आणि तसा प्रत्येक वाण उद्या औषध ठरू शकतो. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यातून मानवी जनुकीय सामग्री वगळलेली आहे. विष्ठेतला जीवाणू मात्र माणूस नाही. गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वड-पिंपळ आणि खिलार बैल लिहिले जातात, तिथे माणसाच्या आतड्यातला वाण बसवायची पद्धत अजून रुजलेली नाही. म्हणून संमतीपत्रातच ते स्पष्ट हवे. ते मराठी, कन्नड आणि तेलुगूत असावे आणि मोठ्याने वाचून दाखवलेले असावे. ज्याची विष्ठा, त्याला नाव गुप्त ठेवून आपल्या वाणाचा क्रमांक मिळावा. तो वाण कोणत्या कंपनीला दिला, हे त्याला कळावे. त्यातून पैसा आला तर त्याचा हिस्सा त्या गावाच्या आरोग्य केंद्राला जावा.

नमुना मागायला जाणाऱ्याला लाज वाटेल आणि देणाऱ्यालाही. गावोगावच्या आशाताई, म्हणजे आशा आरोग्य सेविका, मात्र गेली कित्येक वर्षे शौचालय, जुलाब आणि जंत यांवर घराघरांत न लाजता बोलत आल्या आहेत. काम सुरू करायचे तर त्यांच्यापासून करावे, आणि संमतीपत्राचा पहिला मसुदा त्यांनाच वाचायला द्यावा. ज्या वाक्यावर त्या अडतील ते बदलावे. मंगळवेढ्यातले एक भाकरी खाणारे गाव, शहराच्या पूर्व भागातली एक विणकर वस्ती आणि सांगोल्याच्या डाळिंब बागेत राबणारी काही कुटुंबे, एवढ्यांवर पहिली दोन वर्षे सहज जातील. प्रत्येक वाणाची एक प्रत सोलापुरात आणि एक पुण्यात ठेवावी, म्हणजे इथला फ्रीझर बंद पडला तरी वाण राहील.